बॉयलर कोणीही पेटवू नये

गेल्या रविवारी माझे धाकटे दीर घरी आले आणि मला न विचारता ठरवलेली एक गोष्ट मला सांगून गेले, म्हणून हे मृत्युपत्र लिहावे लागत आहे. येत्या आठवड्याच्या शेवटी त्यांच्या छंद मंडळाच्या सभागृहात माझ्या दिवंगत पतींचे छोटे वाफेचे इंजिन पेटवून चालवायचे आणि टेबलाभोवती सभासदांची मुले-नातवंडे बसवायची, असा तो कार्यक्रम. उद्या मी रुग्णालयात दाखल होणार आहे. परवा माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. गळक्या झडपेचे काय करायचे असते हे मला समजावून सांगण्याची गरज नव्हती, तरी सर्जननी चित्र काढून सांगितले. चित्र वाईट होते. शेवटी ते म्हणाले, सगळे सुरळीत होईल, पण घरची कामे आटपून या. तीच आटपायला बसले आहे.

दिरांना मी त्या दिवशी स्पष्ट नाही म्हटले. ते म्हणाले, "तारीख ठरलीय, वहिनी. बऱ्या होऊन आलात तर पहिल्या रांगेत बसा." आले नाही तर काय, ते त्यांनी सांगितले नाही.

तर मी, खाली सही करणारी, पदार्थविज्ञानाची पदवीधर, पंपांच्या कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त, असे लिहून ठेवते की पुढचा सर्व मजकूर मी माझ्या अकलेने आणि माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणीही भरीस घातलेले नाही. भरीस पडणे माझ्या स्वभावात नाही, हे या कागदात उल्लेख असलेली प्रत्येक व्यक्ती शपथेवर सांगेल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करायला काही नाही.

या कागदात "हे" म्हणजे माझे दिवंगत पती समजावेत. घरातही मी त्यांना दुसरे काही म्हटले नाही. "भाऊजी" म्हणजे वर उल्लेखलेले धाकटे दीर. अंमलबजावणीची जबाबदारी वकीलबाईंवर आहे आणि त्यांनी ती कुरकुर करत स्वीकारली आहे.

कलम पहिले. राहते घर, पुढच्या तीन खोल्या आणि मागची कामाची खोली धरून, माझा मुलगा आणि सून या दोघांच्या नावे समान हक्काने जावे. एकट्या मुलाच्या नावे का नाही, असे तो विचारणार नाही, पण त्याच्या मनात येईल. त्याचे कारण असे की त्याला काहीही विचारले तरी तो हो म्हणतो. सुनेला विचारले की ती आधी "का?" म्हणते. घरात एक तरी का म्हणणारे माणूस सहीला लागते.

मागच्या खोलीचे पुढे काहीही करावे. तिथे मोठे स्वयंपाकघर करायचा बेत माझ्या कानावर आला आहे. दार बंद असले तरी भिंत पातळ आहे. माझी हरकत नाही. तिथला लेथ, म्हणजे धातू कातायचे यंत्र, मात्र पायाचे बोल्ट सोडवूनच हलवावा, ढकलून नव्हे. खिडकीखालची फरशी तेलाने काळी झाली आहे, ती घासून निघत नाही. मी घासून पाहिली आहे. आता कोणी घासू नये.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक मुलाला. ती किती आहे ते वकीलबाईंकडच्या कागदात आहे. इथे लिहिले की चर्चा सुरू होईल. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर भाषण करू नये. भाऊजींनी तर मुळीच करू नये.

कलम तिसरे. शिलाई मशीन माझ्या जाऊबाईंना. पूर्वी एकदा त्या ते महिनाभरासाठी घेऊन गेल्या होत्या. महिना बराच लांबला आणि मशीन परत आले तेव्हा दोऱ्याच्या ताणाचा स्क्रू कोणीतरी मनाला येईल तसा फिरवलेला होता. विचारल्यावर त्या म्हणाल्या की मशीन आणले तेव्हापासून तो तसाच होता. तो स्क्रू मी जागेवर आणून ठेवला आहे. आता त्याला हात लावू नये. बाकी जाऊबाईंविषयी माझी तक्रार नाही. भाऊजींबरोबर इतकी वर्षे काढणे सोपे नाही.

(मध्येच उठून मागच्या खोलीचे दार लावले आहे का ते पाहून आले. लावलेले होते. मघाशीही पाहिले होते.)

कलम चौथे. लेथ, ड्रिल मशीन, कानशी, मायक्रोमीटर, डाग घालायचा गॅसचा टॉर्च आणि कपाटावर ठेवलेला तांब्याचा जाड पत्रा हे सर्व माझ्या सुनेला. हे वाचून मुलाला आश्चर्य वाटेल. सुनेचे आणि माझे पटते असे लिहिले तर मृत्युपत्रात खोटे लिहिल्यासारखे होईल. ती औषधांच्या दुकानात काम करते. माझ्या गोळ्या तिने मला न विचारता वारांप्रमाणे डब्यांत लावल्या. मी त्या काढून माझ्या पद्धतीने लावल्या. तिने पुन्हा लावल्या. असे बरेच दिवस चालले आणि आम्ही दोघींनी त्याबद्दल एक अक्षरही काढले नाही. शेवटी माझी पद्धत चुकीची निघाली, तेव्हाही ती काही बोलली नाही. मला ते लागले, आणि आवडले.

तिने पहिल्यांदा मायक्रोमीटर हातात घेतला तेव्हा विचारले, "आई, किती घट्ट करायचं?" हाच प्रश्न असतो. माझ्या मुलाने त्याच मायक्रोमीटरमध्ये धरून बदाम फोडले होते.

कलम पाचवे. इंजिन आणि त्याचा बॉयलर. यासाठीच हा सारा खटाटोप आहे, म्हणून सविस्तर लिहिते. घाई असली तरी.

हे टेलिफोन कार्यालयात नोकरीला होते. संध्याकाळी मागच्या खोलीत बसून त्यांनी हे इंजिन केले. सिलिंडर मुठीएवढा, चाक बशीएवढे, बॉयलर तांब्याचा, दुधाच्या लहान किटलीएवढा. आमच्या घरात दोन माणसे होती, एक करणारा आणि एक परत करणारी. तयार झालेला भाग हे माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचे. मी कारखान्यातून आले की चहाच्या आधी मोजायचे. बरोबर असला तर उजवीकडे ठेवायचे, नसला तर काही न बोलता त्यांच्याकडे सरकवायचे. पिस्टन कितीदा सरकवला हे आता आठवत नाही. एकदा हे वैतागून म्हणाले, "तपासनीसबाई, एवढं कोण बघतंय?"

मी म्हटले, "वाफ बघते."

ते पुढे सगळ्यांना हे सांगत आणि हसत. पण पिस्टन त्यांनी पुन्हा केला.

बॉयलरचे जोड चांदीच्या डागाने केलेले आहेत. हा डाग घालायचा म्हणजे सगळा बॉयलर लाल होईपर्यंत तापवावा लागतो, जोडांना टाकणखार लावावा लागतो, आणि एकाने टॉर्च धरायचा तर दुसऱ्याने डागाची तार लावायची. टॉर्च मी धरला होता. बॉयलरच्या तोंडावरच्या, समोरच्या तबकडीचा जोड यांनी इतका सुरेख घातला की मी तो पाहिला आणि काही न बोलता उजवीकडे ठेवला. हे त्या रात्री जेवताना उगाचच गुणगुणत होते.

पुढे यांची दृष्टी कमी झाली. आतल्या एका नळीच्या टोकाशी बारीक गळती निघाली. पुन्हा सगळा बॉयलर तापवायला हवा होता. दुसऱ्या दिवशी भाऊजी मंडळातल्या मित्रांना घेऊन इंजिन पाहायला येणार होते. मी बाजारात गेले असताना यांनी त्या जागी कथलाचा डाग दिला, पत्र्याच्या डब्याला देतात तसा. मी परत आले आणि पाहिले. चांदीचा डाग पिवळसर दिसतो. हा राखाडी होता.

ज्यांना यातले काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. कथील थोड्याशा उष्णतेने मऊ पडते. बॉयलरमध्ये दाब चढला की आतले पाणी उकळत्या भांड्यातल्या पाण्यापेक्षा बरेच जास्त तापते, आणि पाणी कमी पडून नळी उघडी पडली तर विचारूच नये. कथील सुटले की कोंडलेली वाफ त्या फटीतून बाहेर येते आणि समोर जो असेल त्याला भाजून काढते. यावर दुरुस्ती नाही. एकदा त्या जागी कथील शिरले की नंतर चांदी तिथे धरत नाही. बॉयलर बाद. नवा करायचा, एवढेच.

हे सगळे यांना माझ्याइतकेच माहीत होते. मी बोलायला तोंड उघडले तेव्हा हे म्हणाले, "उद्या पाहुणे येऊन जाऊ देत. मग नवा करू."

दुसऱ्या दिवशी इंजिन चालले. वाफेवर नव्हे. टायरवाल्याकडून हवा भरलेली टाकी आणून टेबलामागे ठेवली होती आणि तिथून बारीक नळी इंजिनाला लावली होती. बॉयलरखाली शोभेसाठी स्पिरिटचा दिवा पेटवला होता, वरचा प्लग, म्हणजे बूच, उघडा ठेवून, म्हणजे दाब चढू नये. त्या प्लगमधून जराशी वाफ निघाली. ती पाहून सगळे खूश झाले. भाऊजींनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. नवा बॉयलर करायचे राहिले, कारण त्याच वर्षी हे गेले. तांब्याचा पत्रा आणून ठेवला होता, तो कलम चारमधला.

गेल्या रविवारी मी भाऊजींना हे सगळे सांगितले. टाकी, नळी, प्लग. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मी या डोळ्यांनी वाफ पाहिलीय, वहिनी. दादा गेला तरी तुमचं त्याच्यात चुका काढणं थांबत नाही."

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मुलाने मध्यस्थी केली. बॉयलरची रीतसर पाण्याची चाचणी घ्यावी आणि निकाल दोघांनी मानावा, असे ठरले. मी हो म्हटले. ही चाचणी अशी असते: बॉयलर पाण्याने काठोकाठ भरायचा, आत हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही, आणि हातपंपाने नेहमीच्या दुप्पट दाब द्यायचा. पाणी दबत नाही, त्यामुळे जोड सुटला तरी नुसते गळते, कोणाला इजा होत नाही. काल दुपारी मागच्या खोलीत ती झाली. पंप सुनेने मारला, कारण मला मनाई आहे. दाबाचा काटा चढला. दुप्पट दाबावर जाऊन उभा राहिला. मी नळीच्या टोकाशी बोट फिरवले. कोरडे. पुन्हा फिरवले. कोरडे.

"बघा," भाऊजी म्हणाले, "तुमच्याच कसोटीला उतरला."

गार पाण्यात कथील धरणारच. कारखान्यात कोणी कथलाचा डाग घालून बॉयलर आणलाच नसता, म्हणून हा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता, आणि हो म्हणताना एवढे माझ्या लक्षात यायला हवे होते. मी भाऊजींना म्हटले की गार चाचणीवरून तापलेल्या कथलाविषयी काहीच कळत नाही.

"म्हणजे नापास झाला तरी नापास, आणि पास झाला तरी नापासच," भाऊजी म्हणाले. मुलगा हसला. सून हसली नाही. ती पंपाचा दांडा तसाच धरून त्या नळीकडे पाहत होती. भाऊजींनी जाताना कामाच्या खोलीची किल्ली मागितली आणि मुलाने दिली. तो हो म्हणतो, हे वर लिहिलेच आहे. दुसरी किल्ली माझ्या कमरेला आहे.

सबब, इंजिन माझ्या सुनेला द्यावे. ~~सदर बॉयलर माझ्या मृत्यूनंतर कोणीही, कोणत्याही कारणाने पेटवू नये.~~

वरचे वाक्य मी खोडले आहे. का, ते पुढे लिहिते. खाडाखोडीवर माझी लहान सही आहे.

कलम सहावे. आज सकाळी कलम पाच लिहून झाल्यावर मी वकीलबाईंना फोन केला आणि असे वाक्य कायद्याने कितपत टिकते ते विचारले. त्या म्हणाल्या, मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलते. तुम्ही अतिदक्षता विभागात असाल तेव्हा ते मुके असते. कार्यक्रम तर मी तिथे असतानाच होणार. आणि मी गेलेच, तरी कागद उघडून, वाचून, वाद होऊन निकाल लागेपर्यंत मुले घरी गेलेली असतील. किंवा नसतील.

मी पुन्हा लिहायला बसले. उठले. पाणी प्यायले नाही, नुसता पेला भरून ठेवला. सून रुग्णालयात न्यायची पिशवी भरत होती. तिने टेबलावरचा कागद मला न विचारता वाचला. नंतर म्हणाली, "आई, तुम्ही हे वाक्य कोणासाठी लिहिताय?"

"भाऊजींसाठी."

"ते ऐकणार आहेत?"

मी पेला बाजूला सरकवला. ती म्हणाली, "दुकानात मुदत संपलेलं औषध आम्ही चिठ्ठी लावून फळीवर ठेवत नाही. मोडतो." आणि पिशवी भरू लागली.

मला तो जोड मोडायचा नव्हता. समोरच्या तबकडीचा. बाकी काही अडचण नव्हती.

यांच्या मृत्युपत्राप्रमाणे इंजिन आणि बॉयलर कायद्याने माझ्या मालकीचे आहेत आणि माझ्या हयातीत मी त्यांचे काहीही करू शकते. म्हणून मी स्वतः भाऊजींना फोन करून ताबडतोब यायला सांगितले. पाठीमागे करण्यासारखे हे काम नव्हते. मग बॉयलर व्हाइसच्या जबड्यात आवळला, नळीच्या टोकाजवळ खूण केली आणि धातू कापायची करवत सुनेच्या हातात दिली. ढकलताना दाब, ओढताना सोड, एवढेच सांगितले. ती भराभर शिकते. खूण मी समोरच्या तबकडीपासून लांब केली होती.

भाऊजी आले तेव्हा करवत अर्ध्याच्या पुढे गेली होती. ते दारातच थांबले. "वहिनी, दादाच्या हातची शेवटची वस्तू आहे ती."

"म्हणूनच तुम्हाला बोलावलंय."

सुनेने थांबून माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तिने काम पुरे केले. नळीच्या बाजूचा तुकडा मी चिमट्यात धरून भाऊजींच्या पुढ्यात स्पिरिटच्या दिव्यावर धरला. तो साधा दिवा आहे, चांदीचा डाग त्याने जन्मात वितळणार नाही. तांब्याचा रंगही बदलला नव्हता आणि राखाडी डाग चमकला, सैल झाला आणि थेंब होऊन टेबलावर पडला. नळीच्या कडेला नखाएवढी फट उघडी पडली. तुकडा उचलून धरल्यावर तिच्यातून खिडकीचा उजेड दिसत होता.

भाऊजींनी वाकून तो थेंब पाहिला. मग म्हणाले, "दादाला माहीत होतं?"

"हो."

"आणि माझ्यासमोर..."

"तुमच्यासाठी. तुम्ही मित्रांना घेऊन येणार होता. यांना तुम्हाला तसंच परत पाठवायचं नव्हतं."

ते स्टुलावर बसले. मला वाटले आता भाषण करतील. त्यांनी फक्त एवढे सांगितले की त्यांची नात परवापासून पहिल्या रांगेतली खुर्ची मागत होती आणि त्यांनी ती तिला कबूल केली होती, टेबलाला अगदी लागून. मग उठून त्यांनी खिशातली किल्ली काढली आणि सुनेच्या हातात दिली. माझ्या नव्हे. तेही बरोबरच होते.

यानंतर कलम पाचमध्ये बदल करते. इंजिन भाऊजींना. ते हवेवर उत्तम चालते आणि हवेने कोणी भाजत नाही. तांब्याचा पत्रा कलम चारप्रमाणे सुनेकडेच राहील. नवा बॉयलर करायचा की नाही ही तिची मर्जी. केला तर चांदीचा डाग, आणि टॉर्च धरायला दुसरे माणूस घ्यावे. माझ्या मुलाला टॉर्च धरायला लावू नये. मी परत आले तर मी धरीन.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे, बरोबर आहे आणि बदलायचा नाही.

स्थळ: राहते घर, मागची खोली.
तारीख: शनिवार, दाखल होण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी.

(सही) लिहून ठेवणार

आम्हा दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही केल्या. आम्हाला यातून काहीही मिळत नाही.

(सही) समोरच्या घरातल्या दंतवैद्य
(सही) खालच्या दुकानातले चष्मेवाले

(दंतवैद्यबाईंना माझी सर्वांत बारीक कानस हवी होती. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे कळल्यावर ती मी त्यांना सकाळीच देऊन टाकली. त्या ती दातांना लावणार नाहीत, असे त्यांनी कबूल केले आहे.)

हयातीत, आजच, प्रत्यक्ष हाती दिलेल्या वस्तू:

सुनेस: कामाच्या खोलीच्या दोन्ही किल्ल्या. मायक्रोमीटर, डबीसह. मिळाले. (सही) सून

दिरांस: इंजिन, चाक व सिलिंडरसह, बॉयलरविना. बॉयलरचा नळीकडचा तुकडा, डाग वितळलेला. हा त्यांनी स्वतः मागितला. समोरच्या तबकडीकडचा तुकडा दिलेला नाही, तो माझ्याकडे आहे.

मिळाले. कार्यक्रमात इंजिन हवेवर चालेल, टाकी टेबलावर सर्वांना दिसेल अशी ठेवली जाईल, आणि दादाने त्या दिवशी काय केले होते ते सुरू करण्याआधी मी स्वतः सांगेन. (सही) दीर